आठव्या पिढीचा दाखला

१४ ऑक्टोबर ही तारीख आमच्या भागात मोकळी नाही. १९५६ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आले. त्यामुळे ऑक्टोबरचा मधला आठवडा आला की ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया चंद्रपूरच्या गाडीची वाट बघत उभ्या दिसतात. अशा भरलेल्या तारखेच्या एका कोपऱ्यात २०२५ साली मायक्रोसॉफ्टने आपलंही छोटंसं टेबल मांडलं आणि जाहीर केलं, की आजपासून विंडोज १० ची देखभाल बंद. कुणाचं काही मोडलं नाही. १५ तारखेच्या सकाळी जगभरातले जुने कॉम्प्युटर आदल्या दिवशीसारखेच कुरकुरत उठले आणि कामाला लागले. यापुढे त्यांच्या भिंतीला भोक पडलं तर आपणहून लिंपायला कुणी येणार नाही, एवढाच त्या घोषणेचा अर्थ. त्याच आठवड्यात शुक्रवारी वसुबारस होती. गावभर घरांना चुना लागत होता, माळ्यावरचे डबे खाली उतरत होते, आणि आपल्यालाही कुणी विचारावं अशा बेताने माझा लॅपटॉप कोपऱ्यात एक निळी चौकट उघडून बसला होता: पुढच्या विंडोजसाठी तयारी करा.

विंडोज १० आली ती २९ जुलै २०१५ ला. त्याच वर्षी कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगून टाकलं होतं, की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. ‘ही शेवटची’ असं म्हणून पुढे केलेली वस्तू खरोखर शेवटची ठरल्याचं उदाहरण विरळाच. पंगतीत पुरी वाढणारा तसं म्हणतो, उसने मागायला आलेला मेहुणा तसं म्हणतो, आणि झाडीपट्टीच्या नाटकात पहाटे तीनच्या सुमारास खलनायकही तसं म्हणतो. त्यानंतर दोन गाणी, एक लावणी आणि बहिणीचं लग्न व्हायचं असतं. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आली. शेवटचीच्या नंतरची.

आता अकरावी म्हटली की प्रवेश आला, आणि प्रवेश म्हटला की कागदपत्रं आली. जन्म शाळेत घालवलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. या अकरावीलाही सरसकट प्रवेश नाही. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ. खरी मेख दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था यंत्रात असावी लागते, आणि दुसरी म्हणजे प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो, एखाददुसरा अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधी जन्मलेला तुमचा कॉम्प्युटर कितीही धडधाकट असो, दहा माणसांचं काम एकटा ओढत असो, त्याचं घराणं कमी पडतं.

पिढ्या मोजण्याची आमच्या जिल्ह्यांना सवय आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा जे आदिवासी नाहीत पण जंगलावरच जगत आले, अशा कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या आपण इथेच होतो हे दाखवावं लागे. पिढी २५ वर्षांची, म्हणजे एकूण ७५ वर्षं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या किती घरांत तेव्हा पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या असतील! आजोबांच्या नावाची एखादी पिवळी पावती सापडली तर भाग्य, नाही तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला खाटेवर बसतं करून त्याचा जबाब घ्यायचा. त्याने डोळे मिचकावत, आठवून आठवून सांगायचं, की याचा आजा माझ्यासोबत मोहफुलं वेचायला येत होता. ते ऐकून वाटे की पिढी ही केवढी लांबलचक गोष्ट आहे. एक सरायला अर्धं रान वाढून पुन्हा तोडलं जातं. आणि इकडे प्रोसेसरच्या आठ पिढ्या उलटायला पुरती दहा वर्षंही लागली नाहीत. सरकारला तिसऱ्या पिढीवर समाधान होतं, कंपनीला आठवी हवी. माझ्या लॅपटॉपच्या तळहाताखालच्या भागावर एक अर्धवट उचकटलेलं चकचकीत लेबल आहे. चष्मा लावून वाचलं, तर त्यावर आठवी पिढी. बरोबर काठावर. ३५ गुणांनी पास झालेल्या मुलाच्या पाठीवर मास्तर ज्या मायेने हात ठेवतो, त्या मायेने मी ते लेबल दाबून पुन्हा चिकटवलं.

आमच्याकडे येणारा कॉम्प्युटरवाला पोरगा माझा विद्यार्थी नव्हता, हे त्याच्या आत्मविश्वासावरून कळतं. दुकान ब्रह्मपुरीत, घर जंगलाच्या कडेच्या एका गावात. कंपनीच्या सूचनांचा कागद मी त्याच्यापुढे धरला, तर त्याने तो न वाचताच टेबलावर ठेवला. “आधी याचं पोट साफ करू जी काकाजी. मंग डोकं पाहू.” आणि लॅपटॉप पालथा घालून त्याने एकेक बारीक स्क्रू काढून बशीत मांडायला सुरुवात केली.

इथे आमच्या गावाच्या कीर्तीबद्दल थोडं सांगायला हवं. ब्रह्मपुरीचं नाव टीव्हीवर ठळक अक्षरात येतं ते बहुधा मे महिन्यात, आणि नावापुढे तापमानाचा आकडा असतो. ४६, ४७. निवेदिका तो आकडा वाचताना पदर सावरते, आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, की तुम्ही जगता तरी कसे. आम्ही कूलरसमोर जगतो. एप्रिल ते जून घरातली सगळी महत्त्वाची माणसं आणि वस्तू त्या वाऱ्याच्या झोतात ओळीने मांडलेल्या असतात: म्हातारी मंडळी, पाण्याचा माठ, आंब्याची पाटी आणि लॅपटॉप. तर पोराने पंखा उघडला. धुळीचा नमद्यासारखा थर निघाला, त्यात गेल्या हंगामातलं धानाचं एक फोलपट, आणि पात्याला गुंडाळून बसलेली वाळ्याची बोटभर काडी. कूलरच्या टट्टीतून उडून ती त्या जाळीदार फटीतून कधी आत शिरली, कुणास ठाऊक. पोराने ती चिमट्याने उचलली, नाकाशी धरली, माझ्याकडे दिली. “अजून वास येते जी.” खरंच येत होता. यंत्राच्या पोटात एवढी उन्हाळी माया साठली असेल हे कुठल्याही तपासणीच्या प्रोग्रामने मला सांगितलं नसतं. ती काडी बशीतल्या स्क्रूंसोबत ठेवली आणि काम संपेपर्यंत दोघांनीही ती फेकली नाही.

मग मुहूर्ताची गोष्ट निघाली. अपग्रेडला तास-दोन तास लागतात, यंत्र थकलेलं असेल तर त्याहून जास्त. पाच-साडेपाच जीबीची फाइल आधी उतरवून घ्यायची, तीही रात्री, जेव्हा गल्लीतली पोरं झोपून नेट मोकळं होतं. बॅटरी नावापुरती उरलेली, म्हणून इन्व्हर्टर भरून ठेवायचा. “अर्ध्यात लाईन गेली तं मशीन तिथंच बसते जी,” तो म्हणाला. हे मला पटलं. मी संध्याकाळी पाचला, लाईन सहसा जात नाही तेव्हा, सुरू करू म्हटलं, तर तो नुसता हसला. “पाचाले मी निघतो काकाजी. मले रस्त्यानं जा लागते.” रस्त्यानं म्हणजे कुठल्या रस्त्यानं, आणि तिथे संध्याकाळी कोण बसलेला असतो, हे ब्रह्मपुरीत विचारायची रीत नाही. आमचा वनविभाग वाघांनी इतका भरलेला आहे, की रोवणीला आणि सरपणाला जाणारी माणसं सूर्य बघून निघतात आणि सूर्य बघून परततात. कंपनीने तयारीची यादी फार बारकाईने केली आहे: चार्जर जोडा, जागा मोकळी करा, बाहेरची उपकरणं काढा. यादीत वाघ नाही. तेव्हा वाघाची वेळ, लाईनची वेळ आणि पोराच्या दुकानाची वेळ यांचा लसावि काढून आम्ही सकाळचे दहा धरले.

यादीतलं सगळ्यात गूढ कलम किल्लीचं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आधीच उतरवून ठेवावी लागते, कारण एवढी उलथापालथ होताना मध्येच यंत्राला आपल्या मालकाविषयी शंका आली, तर ते तीच मागतं. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. बायको मोबाइलवरून वाचत होती, मी लिहीत होतो, आणि ती प्रत्येक गटानंतर थांबून “झालं?” म्हणत होती, शुद्धलेखनाच्या तासाला मी पोरांना म्हणायचो तसं. लिहून झाल्यावर हाताला चाळा म्हणून पहिल्या गटाला अकराची कसोटी लावली. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा, त्यांची वजाबाकी. शून्य आलं. दुसऱ्या गटाला लावली, अकरा. तिसऱ्याला पुन्हा शून्य. मी ताठ बसलो. आठही गटांना ११ ने निःशेष भाग जात होता! हा योगायोग नव्हे. उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर यंत्राला ताबडतोब कळावं, म्हणून किल्लीची घडणच तशी केलेली असते. “सर, हे अकराचं पुढे कुठी कामात येते जी?” असं विचारणारी पोरं दरवर्षी वर्गात एक-दोन तरी असायची, आणि मी त्यांना परीक्षेत येतं म्हणून सांगायचो. त्यातली काही आता तलाठी आहेत, काही वनरक्षक, एकाचं बसस्थानकाजवळ चहाचं दुकान आहे. चहाच्या दुकानात जाऊन मी त्याला अकराचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. बायकोला मात्र या सौंदर्यात रस नव्हता. हा कागद ठेवायचा कुठे, हा तिचा प्रश्न. लॅपटॉपमध्ये ठेवला तर किल्ली कुलपाच्या आतच राहील. शेवटी तो सातबारा, आधार आणि रेशनकार्डाच्या पिशवीत गेला.

आणि मग येतो तो प्रश्न. पुढचं काही करण्याआधी यंत्र तीन पर्याय समोर ठेवतं. फाइली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवायचे, नुसत्या आपल्या फाइली ठेवायच्या, की काहीच ठेवायचं नाही. तिन्ही सारख्याच अक्षरांत, सारख्याच अंतरावर, एकाखाली एक. संन्यास घेणाऱ्यालाही घरचे जरा थांबवून बघतात. इथे एक टिचकी पुरे. पहिला पर्याय निवडायचा हे ठरलेलंच होतं, पण पोराचा यंत्रांवर विश्वास नाही. “बॅकअप घ्या जी आधी. सारं बाहेरच्या डिस्कवर काढा. अन् काढताना पाहून घ्या, काय लागते काय नाही ते.” आणि तो आपल्या दुकानात निघून गेला, मला त्या ढिगापाशी एकटं सोडून.

माझ्या डी ड्राइव्हमध्ये ‘जुना लॅपटॉप’ नावाचं फोल्डर आहे. त्याच्या आत ‘जुना कॉम्प्युटर’. त्याच्या आत ‘बाबांचा कॉम्प्युटर’. प्रत्येक स्थलांतराच्या वेळी, नंतर निवांत पाहू म्हणून, मागचं सबंध घर उचलून नव्या घराच्या एका खोलीत नेऊन ठेवलेलं, आणि दार लोटून घेतलेलं. अगदी तळाच्या खोलीत बाबांच्या एक्सपीची सी ड्राइव्हच जशीच्या तशी होती, आणि तिच्यात ती जगप्रसिद्ध हिरवी टेकडी. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सोनोमा परगण्यात गाडी थांबवून ती टिपली. एक्सपी आल्यावर ती कोट्यवधी पडद्यांवर गेली आणि आमच्या पडवीतही आली. बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ निरखून विचारलं होतं, “बांध्या कुणाच्या व्हय ह्या? धुरेच दिसत नाहीत.” रोवणी होऊन महिना झालेल्या धानाचा जो रंग असतो, तोच तो, फक्त बांध न घातलेला. पुढे कधीतरी वाचण्यात आलं, की त्या टेकडीवर आधी द्राक्षाचे मळे होते. मुळं खाणारी कीड पडली, वेली उपटून टाकाव्या लागल्या, म्हणून तिथे गवत माजलं आणि म्हणून ते चित्र निघालं. आमच्याकडे तुडतुडा पडतो तेव्हा धान जागच्या जागी करपून गोल गोल चट्टे पडतात. त्याचं चित्र कुणी पडद्यावर लावत नाही. हे बाबांना सांगायला हवं होतं. त्यांना परदेशी शेतकऱ्यांवर पडलेल्या किडीची बातमी फार आवडायची. दुष्टपणाने नव्हे, सोबत वाटायची म्हणून.

बाबा ग्रामसेवक होते. मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली, बोटांना रेमिंग्टनची पाटी पाठ, म्हणून नोकरीच्या शेवटी एमएस-सीआयटी करून कॉम्प्युटर शिकले तेव्हा कृतीदेव त्यांना माहेरासारखा वाटला: तीच बोटं, तीच अक्षरं. कृतीदेवची खोड एवढीच, की तो आतून इंग्रजी असतो. फाँट यंत्रात असेल तोवर पडद्यावर ‘मराठी’ दिसतं. फाँट गेला की त्याच जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं उभी राहतात. माझ्या लॅपटॉपमध्ये तो नव्हता. त्यामुळे बाबांची सगळी पत्रं, सरपंचांना, पंचायत समितीला, माझ्या मामाला लिहिलेली, एखाद्या परग्रहावरच्या अर्जासारखी दिसत होती. पोराला दुकानातून पुन्हा बोलावलं. त्याने पेनड्राइव्हवरून फाँट घातला आणि पडद्यावर एकदम ‘महोदय’ उमटलं. “हा फाँट बॅकअपमध्ये धरून ठेवा जी काकाजी,” तो म्हणाला. “नाई तं आजोबा पुढं इंग्रजीतच बोलतील.”

आता हे सगळं युनिकोडात येतं आणि तो त्रास उरलेला नाही. विंडोज २००० पासून देवनागरी यंत्राच्या घरचीच झाली, आणि तिच्यासाठी मंगल हा फाँट घडवला र. कृ. जोशींनी. कवी आणि सुलेखनकार माणूस. म्हणून सरकारी परिपत्रकाच्या ‘सबब’लाही थोडी लय आली असावी, असं मला उगाच वाटतं. पण आमच्याकडे जुनं सहज जात नाही. वैनगंगेपलीकडे वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्रभराची नाटकं सुरू होतात, २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून दिल्लीलाही ती ठाऊक झाली आहेत. त्या नाटकांची पत्रकं करणारा एक डीटीपीवाला माझा मित्र आहे. त्याच्याकडे अजून पेजमेकर ७.० चालतो, जो २००१ सालचा आहे, आणि ज्या मशीनवर चालतो तिला इंटरनेटची तार त्याने मुद्दाम लावलेलीच नाही. “हिला जगातलं काही कळतच नाही,” तो अभिमानाने सांगतो, “म्हणून हिला काही होत नाही.” हे तंत्र मी काही माणसांतही यशस्वी झालेलं पाहिलं आहे.

पत्रांच्या खाली एक एक्सेलची फाइल निघाली. नाव ‘धान’. उभ्या रांगेत बांध्यांची नावं: बोडीखालची, लांबोळी, मोहाची, नाल्याकडची. आडव्या ओळीत वर्षं. आणि प्रत्येक चौकटीत त्या साली तिथे काय लावलं ते. सुरुवातीला सगळीकडे लुचई. मग एका साली नाल्याकडच्या बांधीत एचएमटी दिसतो, दोन-तीन वर्षांत तो लांबोळीत शिरतो, बोडीखाली उतरतो. पुढे हजार दहा येतो, मग जय श्रीराम. विंडोज १० निघायच्या कितीतरी आधी आमच्या बांधीत १०१० नांदत होता, हे त्या तक्त्यावरून सिद्ध होतं.

एचएमटीची गोष्ट तर आमच्या शेजारची. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ साली पटेल-३ च्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या खुडून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या, पुढच्या साली निराळ्या लावल्या, त्यातल्या चांगल्या पुन्हा राखल्या, पुन्हा लावल्या. वर्षानुवर्षं हेच. बारीक, खायला गोड तांदूळ निघाला. व्यापाऱ्याने नाव विचारलं तर नावच नव्हतं. त्या काळी ज्याच्या त्याच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ मिरवत होतं, तेच नाव तांदळाला पडलं. घड्याळांचा कारखाना बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले. तांदूळ चालू आहे, रोज शिजतो, आणि त्याच्या एकाही आवृत्तीची देखभाल बंद झाल्याचं कुणी जाहीर केलेलं नाही.

तक्ता सरकवत गेलो तर एक गंमत दिसली. सगळ्या ओळी बदलत जातात, मोहाच्या बांधीची ओळ तेवढी हलत नाही. लुचई, लुचई, लुचई. मागे मी एकदा बाबांना विचारलंही होतं, की सगळीकडे नवं लावता आणि तिथेच का नाही. ते ढोलीतून धान काढत होते. हात न थांबवता म्हणाले, “नवं चांगलं निघलं तं आनंदच हाये. नाई निघलं तं पुढच्या सालच्या पऱ्ह्यांले बी तं पायजे.” बांधी लहान, मोहाच्या सावलीतली, तसंही तिथे फारसं पिकत नसे. पण दरवर्षी तिचं धान निराळं झोडलं जाई, निराळं वाळे, आणि आई त्यावर कडुनिंबाचा पाला घालून ते निराळं ठेवी. मी ती फाइल बाहेरच्या डिस्कवर काढली. मग ती पत्रं. मग कृतीदेव. मग ती टेकडीही काढली, जिची खरं तर काही गरज नव्हती, कारण ती कुठेही मिळते. काय लागत नाही त्याची निराळी यादी करायची म्हणून कागद घेऊन बसलो होतो, त्यावर संध्याकाळपर्यंत प्रिंटरच्या एका जुन्या ड्रायव्हरचं नाव पडलं.

प्रत्यक्ष अपग्रेड त्या मानाने नीरस. दहाला सुरू केलं. पडदा काळा, मध्ये टक्के. ३५ वर ते इतका वेळ थांबले, की मला जुने निकाल आठवले. चहा झाला, पोराने मोबाइलवर दोन गिऱ्हाइकं बोलून घेतली, लाईन गेली नाही. दुपारच्या जेवणाच्या आत विंडोज ११ उगवली, तिचा सगळा संसार पडद्याच्या खालच्या पट्टीच्या मध्यभागी गोळा झालेला. “हे मधात काऊन आलं?” बायकोने विचारलं. पोराने ते पुन्हा डावीकडे सरकवलं आणि नवी विंडोज निम्मी जुनी झाली. वाघाच्या वेळेला अजून बराच अवकाश होता, तरी त्याने बॅग उचलली.

जाताना दारात थांबून म्हणाला, “जुनी अजून आतच हाये जी. दहा दिवस. नाही जमलं तं वापस जाता येते. दहा दिवस झाले की आपोआप जाते.” हे त्याने सहज सांगितलं, पण मी बसलोच. अमेरिकेत बसून ही मुदत कुणी आणि कुठल्या गरुडपुराणातून काढली असेल? जाणकार लोक एक आज्ञा देऊन ती ६० दिवसांपर्यंत लांबवू शकतात म्हणे, पण मूळ हिशेब दहाचाच. आमच्याकडेही गेलेला माणूस दहा दिवस घराच्या आसपासच असतो. त्याची खाट हलवत नाहीत, त्याच्याविषयी जपून बोलतात, आणि मग दहाव्याला नदीवर जातात. बाबांच्या दहाव्याला वैनगंगेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा येईना. पलीकडच्या झाडावर चांगले पाच-सहा बसलेले, पण खाली एकही उतरेना. नातवंडांचं शिक्षण नीट करू, कबूल झालं. बहिणीला सणाला आणू, तेही झालं. ऊन चढलं. मंडळींना जेवणाची आठवण व्हायला लागली. तेवढ्यात आमचे काका, जे फार बोलत नाहीत, पिंडाकडे तोंड करून जरा वैतागूनच म्हणाले, “मोहाच्या बांधीत लुचईच लावू रे बावा, ये आता.” आणि आला. हे पटणार नाही असं वाटणाऱ्यांनी काकांना विचारावं. ते अजूनही फार बोलत नाहीत. त्या बांधीत अजून लुचईच असते. खायला ती कुणाला विशेष आवडत नाही.

लॅपटॉपमधून जुनी विंडोज ठरल्या मुदतीत, कुणाकडून काही कबूल करून न घेता निघून गेली आणि २० जीबीच्या वर जागा मोकळी झाली. मी बायकोला ती मोकळी जागा दाखवली. तिने लगेच कपाटातून पेनड्राइव्ह आणला. त्यात तिच्या भाचीच्या मे महिन्यातल्या लग्नाचं व्हिडिओवाल्याने दिलेलं सबंध शूटिंग आहे. मंडपात ४६ अंश असल्यामुळे सगळे जण एकाच कूलरपुढे उभे आहेत, आणि त्यातला मोठा भाग नुसती पंगत आहे, पाने मांडण्यापासून उचलण्यापर्यंत. “हे टाका तिथं,” ती म्हणाली. मी म्हटलं, आधी त्यातलं काय ठेवायचं ते तरी बघू. “बघायचं काय त्यात? सारंच ठेवा. सारे आपलेच तर आहेत.”